मैत्रीचा नकाशा

जून महिन्यात शाळा उघडते. नव्या वर्गाचे दार उघडताच मुले धावत आत शिरतात, आणि ज्याला त्याला एकच घाई असते, ती म्हणजे आपल्या मित्राशेजारची जागा पकडण्याची. कोणी दप्तर टाकून बाक अडवतो, कोणी दोन्ही हात पसरून आणखी एकाची जागा राखतो, कोणी खिडकीजवळच्या बाकासाठी भांडतो. घटकाभरात गलबला ओसरतो आणि सारे स्थिरस्थावर होतात. परंतु बहुतेक वर्गांत एखादे मूल असे असते, की ज्याच्यासाठी कोणीही जागा धरलेली नसते. उरलेल्या बाकावर ते मुकाट्याने जाऊन बसते. वर्गशिक्षक हजेरी घेऊ लागतात आणि तो प्रसंग सर्वांच्या विस्मरणात जातो. त्या मुलाच्या मात्र जात नाही.

पस्तीस वर्षे मी शिक्षकाचे काम केले. या काळात असे एकटे बसणारे मूल मी दरवर्षी पाहिले, आणि खरे सांगायचे तर पहिली कित्येक वर्षे मी त्याचा दोष त्या मुलालाच देत आलो. हा अबोल आहे, ही तापट आहे, म्हणून यांना मित्र नाहीत, असे मी मनाशी ठरवून टाकत असे. आपला हा निवाडा तपासून पाहता येईल, आणि तोही गणिताच्या साहाय्याने, ही कल्पना तेव्हा मला नव्हती. ती तपासणी कशी करतात, हेच या पाठात तुम्हांला सांगावयाचे आहे.

याकोब मोरेनो नावाचे एक वैद्य होते. त्यांचा जन्म 1889 साली रुमानियातील बुखारेस्ट शहरी झाला. व्हिएन्ना येथे शिक्षण घेऊन ते 1925 साली अमेरिकेस गेले. मनाचे विकार हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. माणूस दुःखी का होतो, हे केवळ त्या माणसाकडे पाहून कळत नाही. तो कोणाकोणाशी कसा जोडलेला आहे हेही पाहावे लागते, असे त्यांचे मत होते. हे मत पडताळून पाहण्यासाठी त्यांनी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील एका शाळेची निवड केली. तेथे प्रत्येक वर्गात जाऊन मुलांना एक साधा प्रश्न विचारण्यात आला. सध्या तुम्ही शिक्षकांनी नेमून दिलेल्या जागी बसता; तुमचे तुम्हांला ठरवू दिले, तर शेजारी कोण असावे असे तुम्हांला वाटते? प्रत्येकाने दोन नावे पसंतीच्या क्रमाने लिहायची होती.

नावांचे कागद गोळा झाल्यावर मोरेनो यांनी जे केले ते दिसायला अगदी सोपे होते. प्रत्येक मुलगा म्हणजे एक लहानसा त्रिकोण, प्रत्येक मुलगी म्हणजे एक लहानसे वर्तुळ. ज्याने ज्याला निवडले त्याच्याकडे त्याने एक रेघ काढायची. सर्व रेघा काढून होताच कागदावर एक जाळे उमटले. कोळ्यांच्या जाळ्यात जशा गाठी असतात आणि गाठींना जोडणारे दोरे असतात, तसेच येथे मुले या गाठी आणि निवडी हे दोरे. काही गाठींकडे चहूबाजूंनी दोरे धावत होते. काही ठिकाणी तिघाचौघांचे घट्ट कोंडाळे होते, आणि त्यांच्या रेघा बाहेर जातच नव्हत्या. बालवर्गात मुलगे व मुली एकमेकांना सहज निवडत होते; चौथीच्या सुमारास मात्र दोन्हीकडच्या रेघा एकमेकींपासून जवळजवळ तुटलेल्या होत्या. आणि जवळपास प्रत्येक नकाशात एखादे चिन्ह असे होते, की त्याच्यापासून दोन रेघा निघत होत्या, पण त्याच्याकडे एकही येत नव्हती. बाकावर एकटे बसणारे ते मूल आता कागदावर स्पष्ट दिसू लागले.

1933 च्या एप्रिल महिन्यात मोरेनो यांनी आपले नकाशे न्यूयॉर्क येथील वैद्यांच्या सभेपुढे मांडले, तेव्हा वर्तमानपत्रांनीही त्यांची दखल घेतली. पर्वतांचे व नद्यांचे नकाशे लोकांनी पुष्कळ पाहिले होते. आवडीनिवडीचा नकाशा ही गोष्ट नवी होती. येथे एक सूचना दिल्यावाचून राहवत नाही. असा नकाशा वर्गाच्या भिंतीवर कधीही लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो शिक्षकांच्या कपाटात असावा, आणि त्याचा उपयोग एकट्या मुलाला चांगला शेजारी मिळवून देण्यापुरता व्हावा.

त्याच सुमारास मोरेनो यांच्यापुढे एक अवघड कोडे आले. न्यूयॉर्क राज्यात हडसन या गावी मुलींची एक निवासी शाळा होती. न्यायालयाने सुधारणेसाठी पाठवलेल्या मुली तेथे राहत. त्या एका मोठ्या इमारतीत नव्हे, तर आवारातील निरनिराळ्या घरांत विभागून राहत असत. अशा शाळेतून एखादी मुलगी अधूनमधून पळून जाणे नवलाचे नव्हते. परंतु 1932 सालच्या शरद ऋतूत केवळ दोन आठवड्यांत चौदा मुली पळून गेल्या. हे प्रमाण नेहमीच्या तीसपट होते. अधिकारी गोंधळून गेले. अन्न बिघडले होते का? एखाद्या बाईने मारहाण केली होती का? बरे, या चौदाजणी एकाच घरातील असत्या, तर त्या घरात काही बिनसले असे म्हणता आले असते. त्या तर चार वेगवेगळ्या घरांतील होत्या.

मोरेनो आणि त्यांच्या सहकारी हेलन जेनिंग्ज यांच्यापाशी या मुलींच्या परस्पर-ओढीचे नकाशे होते. त्यांनी ते पुढे ओढले आणि पळालेल्या मुलींच्या चिन्हांवर खुणा केल्या. तेव्हा असे दिसले, की या चौदा मुली नकाशात विखुरलेल्या नाहीत. एका घरातील मुलीची रेघ दुसऱ्या घरातील मुलीला, तिची तिसऱ्या घरातील मुलीला, अशी एक साखळीच तेथे होती. पळून जाण्याचा विचार या रेघांवरून एकीकडून दुसऱ्या मुलीकडे पोहोचला, आणि कोण पळणार व केव्हा पळणार हे तिच्या स्वभावापेक्षा जाळ्यातील तिच्या जागेवर अवलंबून होते, असे मोरेनो यांनी प्रतिपादन केले. त्या मुलींना स्वतःलाही याची पुरती जाणीव नसेल, असे त्यांचे म्हणणे होते.

गोष्ट म्हणून ही फार वेधक आहे. पण तुमच्यापैकी एखाद्या चौकस मुलाच्या मनात शंका येईल, आणि ती यायलाच हवी. ढगांकडे टक लावून पाहिले, की हत्ती दिसतो, उंट दिसतो. शेकडो रेघांच्या गुंत्याकडे टक लावून पाहिले, की त्यातही हवी ती साखळी दिसणार नाही का? कोणतेही मूल मुद्दाम एकटे टाकलेले नसताना, केवळ योगायोगानेही एखाद्याकडे रेघ येणार नाही, असे होणार नाही का? मोरेनो यांचे टीकाकार हेच विचारत होते. या प्रश्नाचे उत्तर चित्राकडे पाहून मिळत नाही. त्यासाठी दुसरे एक चित्र लागते, आणि ते सोडतीने काढावे लागते.

आता कागद आणि पेन्सिल घ्या. 26 मुलांचा एक वर्ग आहे असे समजा. प्रत्येकाने तीन नावे द्यायची आहेत. पण आवडीने नव्हे, तर मडक्यातून चिठ्ठ्या उचलून. आपल्या पाळीला आपली स्वतःची चिठ्ठी बाजूला काढायची, उरलेल्या पंचविसांतून डोळे मिटून तीन उचलायच्या, नावे टिपून घ्यायची आणि सर्व चिठ्ठ्या पुन्हा मडक्यात टाकायच्या. या वर्गात लाडका कोणी नाही आणि नावडताही कोणी नाही. मडक्याला सर्व सारखे.

या वर्गातील एका मुलाला आपण रामू म्हणू. एखाद्या मुलाने उचललेल्या तीन चिठ्ठ्यांत रामूचे नाव नसण्याचा संभव किती? पंचविसांपैकी तीन चिठ्ठ्या वर येतात, बावीस मडक्यातच राहतात. म्हणून तो 22/25. रामू सोडून वर्गात पंचवीस मुले आहेत, आणि त्यांपैकी एकाच्याही हाती रामूचे नाव न येण्याचा संभव काढायचा, तर 22/25 हा अपूर्णांक पंचवीस वेळा मांडून त्यांचा गुणाकार करावा लागतो. तो येतो सुमारे 0.041, म्हणजे शंभरांत चार. रामूपुरता हा संभव लहान वाटतो. परंतु वर्गात रामूसारखी 26 मुले आहेत. 0.041 ला 26 ने गुणा. उत्तर एकाहून किंचित जास्त येते.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. ज्या वर्गात कोणाच्याही मनात कोणाविषयी अढी नाही, जेथे निवड माणसांनी केलेलीच नाही, तेथेही सरासरीने एक मूल न निवडलेले राहते. तसेच प्रत्येकाला सरासरी तीन निवडी मिळत असल्या, तरी एकदोघांच्या वाट्याला सहा किंवा त्याहून अधिक येतात. त्यांचा त्यात काही पराक्रम नसतो.

हा हिशेब मी पहिल्यांदा केला, तेव्हा तो मला स्वतःलाच पटेना. म्हणून एका वर्षी सातवीच्या वर्गात मी खरोखरच मडके आणि चिठ्ठ्या घेऊन गेलो. पहिल्या खेपेस दोन मुले न निवडलेली राहिली. दुसऱ्या खेपेस एकही राहिले नाही. तिसऱ्या खेपेस एक मुलगी राहिली, आणि ती नेमकी वर्गाची प्रमुख, सर्वांची आवडती! सारा वर्ग खो खो हसला, तीही हसली. मागच्या बाकावर नेहमी एकटा बसणारा एक मुलगा होता. त्याचे नाव त्या खेपेस पाचजणांनी उचलले होते. तो तास संपल्यावर माझ्याजवळ आला आणि आपल्या नावाच्या चिठ्ठीची घडी करून ती मागून घेऊन गेला. तिचे त्याने पुढे काय केले ते मी विचारले नाही.

मोरेनो आणि जेनिंग्ज यांनी हीच सोडतीची युक्ती वापरली. 1938 साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात त्यांनी 26 जणींच्या गटांतील खऱ्या निवडी आणि सोडतीने केलेल्या निवडी शेजारी शेजारी मांडल्या. सोडतीचे गणित बसवण्यास पॉल लाझर्सफेल्ड या अभ्यासकाने त्यांना साहाय्य केले; तेही मूळचे व्हिएन्नाचेच. तुलनेत काय आढळले? खऱ्या गटांत न निवडलेल्या मुली सोडतीपेक्षा पुष्कळ अधिक होत्या. दुसऱ्या टोकाला, पुष्कळांनी निवडलेल्या मुलीही अधिक होत्या. आणि तिसरी गोष्ट म्हणजे परस्पर निवडीची. मी तुम्हांला निवडले आणि तुम्हीही मला निवडले, अशा जोड्या सोडतीत फार थोड्या जुळतात. 26 जणांच्या 325 जोड्या होतात. त्यांतील एखादी जोडी दोन्हीकडून जुळण्याचा संभव 3/25 गुणिले 3/25. तेव्हा 325 पैकी पाचसुद्धा जोड्या भरत नाहीत. खऱ्या गटांत त्या कितीतरी अधिक होत्या.

आता मोरेनो यांचे टीकाकार चूक की बरोबर? दोन्हीही. न निवडलेल्या मुलांपैकी काही केवळ योगायोगाने तशी राहतात, हे खरे. आणि सारा प्रकार योगायोगाचा नाही, हेही खरे. सोडतीच्या वर्गात एक मूल राहते आणि खऱ्या वर्गात चार राहिली, तर त्या वर्गात काहीतरी आहे, ज्याकडे शिक्षकांनी लक्ष दिले पाहिजे. पण त्या चौघांतील योगायोगाने राहिलेले कोणते, हे बोट दाखवून सांगता येत नाही. म्हणून एखाद्याकडे बोट दाखवण्याची घाई करणाऱ्या शिक्षकाने (माझ्यासारख्याने!) आधी थांबावे हे बरे.

पळून गेलेल्या मुलींचे कोडे याहूनही बिकट आहे. दोन मैत्रिणी एकामागून एक पळाल्या, एवढ्यावरून एकीने दुसरीला फूस लावली असे सिद्ध होते का? दोन मित्र एके दिवशी शाळेत चिंब भिजून आले, म्हणून एकाने दुसऱ्याला भिजवले असे आपण म्हणत नाही. दोघांवर एकच पाऊस पडलेला असतो. शिवाय ज्यांना पावसात भिजण्याची हौस, तेच एकमेकांचे मित्र होतात, असेही असते. संगतीने माणसे सारखी झाली, की सारखी होती म्हणून संगत जडली? तुम्ही म्हणाल, की याचा निवाडा कसा व्हायचा. संख्याशास्त्राचे जाणकार त्यासाठी एकच जाळे पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या वेळी टिपून ठेवतात आणि आधी मैत्री जडली की आधी वागणे बदलले, याचा माग काढतात. हे काम चिकाटीचे आहे, आणि आजही अभ्यासकांचे यावर पुष्कळ वाद होतात.

जाळ्याचे हे शास्त्र माणसांपुरतेच राहिले नाही. मातीत राहणारा एक मिलिमीटर लांबीचा एक पारदर्शक कृमी आहे. त्याच्या सबंध शरीरात मज्जापेशी अवघ्या 302. कोणती पेशी कोणत्या पेशीशी जोडलेली आहे, याचा संपूर्ण नकाशा केंब्रिज येथील संशोधकांनी 1986 साली प्रसिद्ध केला. त्यासाठी त्या इवल्याशा कृमीचे अत्यंत पातळ काप घेऊन त्यांची छायाचित्रे काढावी लागली आणि एकेक धागा हाताने मागोवत न्यावा लागला. पुढे 1998 साली डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ या दोघा अभ्यासकांनी एक अजब त्रिकूट एकत्र आणले. पहिला हा कृमी. दुसरे, अमेरिकेच्या पश्चिम भागातील वीज वाहून नेणाऱ्या तारांचे जाळे. त्यात 4,941 ठाणी होती. तिसरे, चित्रपटांतील 2,25,226 नटनट्या. एकाच चित्रपटात काम केलेल्या दोघांमध्ये एक रेघ. कृमी, विजेच्या तारा आणि सिनेनट यांचा एकमेकांशी काय संबंध? कागदावर उतरल्यावर तिघेही बिंदू आणि रेघाच.

या दोघांनीही मोरेनो यांच्याप्रमाणे खऱ्या जाळ्याशेजारी सोडतीचे जाळे ठेवले. दोन्हींत बिंदू तितकेच, रेघाही तितक्याच. मग त्यांनी विचारले: माझे दोन शेजारी एकमेकांचेही शेजारी आहेत, असे किती वेळा घडते? कृमीच्या मज्जापेशींत याचे माप 0.28 आले, सोडतीच्या जाळ्यात 0.05. विजेच्या जाळ्यात ते सोडतीच्या सोळापट होते. म्हणजे खरी जाळी कोंडाळी करून राहतात. पण तरीही एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाण्यास फारशा पायऱ्या लागत नाहीत. सव्वादोन लाख नटांपैकी कोणतेही दोघे घ्या, सरासरीने चारांहून कमी पायऱ्यांत एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचता येते. हे कसे? कोंडाळ्याबाहेर जाणाऱ्या थोड्याशा लांब रेघा हे काम करतात. गावात बहुतेक सोयरिकी पंचक्रोशीतच जुळतात, पण एखादी लेक दूरच्या मुलखात दिलेली असते, आणि तिच्यामुळे दोन्हीकडच्या बातम्या एकमेकांना कळतात. तसेच काहीसे हे आहे.

आता पुन्हा आपल्या वर्गाकडे येऊ. पुष्कळ मुलांच्या मनात एक खंत असते आणि ती कोणाजवळ बोलून दाखवली जात नाही. आपल्या मित्रांना आपल्यापेक्षा जास्त मित्र आहेत, अशी ती खंत. तुम्हांलाही असे वाटत असेल, तर ते बहुधा बरोबर आहे! 1991 साली स्कॉट फेल्ड या समाजशास्त्रज्ञाने हे गणिताने दाखवून दिले. अमेरिकेतील माध्यमिक शाळांतील मुलींच्या मैत्रीच्या जुन्या नोंदी त्याने तपासल्या. बहुतेक मुलींच्या बाबतीत त्यांच्या मैत्रिणींना त्यांच्यापेक्षा सरासरीने अधिक मैत्रिणी होत्या.

हे कोडे चार मुलांवर उलगडून पाहू. सुमनची विठू, नसीम आणि गोदा या तिघांशी मैत्री आहे. विठू आणि नसीम हेही एकमेकांचे मित्र आहेत. आणखी मैत्री नाही. सुमनला तीन मित्र, विठूला दोन, नसीमला दोन, गोदाला एक. बेरीज आठ, सरासरी दोन. आता प्रत्येकाने आपल्या मित्रांकडे पाहावे. गोदाची एकच मैत्रीण, सुमन. तिला तीन मित्र. बिचारी गोदा म्हणणार, माझ्या मैत्रिणीला माझ्या तिप्पट मित्र! विठूचे मित्र सुमन आणि नसीम. त्यांना तीन आणि दोन, म्हणजे सरासरी अडीच. विठूला स्वतःला दोनच. नसीमचेही तेच. चौघांपैकी तिघांना आपण मागे पडलो असे वाटते, आणि तिघांचेही म्हणणे हिशेबाने खरे आहे. कोणी कोणाचा द्वेष केला नाही, कोणाच्या स्वभावात खोट नाही. ज्याला पुष्कळ मित्र असतात त्याचे नाव पुष्कळांच्या यादीत येते, एवढेच याचे कारण. सुमन तिघांच्या यादीत आहे, गोदा फक्त एकीच्या.

या विचित्र गोष्टीचा एक मोठा उपयोग निघाला. 2009 साली स्वाइन फ्लू या तापाची साथ जगभर पसरली. आपल्याकडे त्या वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या, ते अनेक पालकांना आठवत असेल. साथ आपल्या दारी येण्यापूर्वी तिची चाहूल कशी लागावी, हा प्रश्न होता. निकोलस ख्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर या दोघांनी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात एक प्रयोग केला. त्यांनी सोडतीने 319 विद्यार्थी निवडले. त्या विद्यार्थ्यांना आपापल्या मित्रांची नावे विचारली. त्यातून 425 मित्रांचा दुसरा गट मिळाला. मग दोन्ही गटांत ताप केव्हा येतो याची नोंद ठेवली. मित्रांच्या गटात साथ सुमारे चौदा दिवस आधी पोहोचली! ज्यांची नावे मित्र म्हणून घेतली जातात त्यांच्याकडे रेघा जास्त धावतात, आणि रेघांवरून मैत्री येते तसा तापही येतो. सुमनला गोदाच्या आधी शिंक येणार, हे उघड आहे.

साथीत चौदा दिवस ही लहान मुदत नव्हे. तेवढ्या वेळात खाटांची आणि औषधांची तजवीज करता येते. पण समजा, हाती लस थोडी आहे आणि माणसे पुष्कळ आहेत. ती कोणाला टोचावी? ज्याच्याकडे सर्वांत जास्त रेघा जातात त्याला, असे तुम्ही म्हणाल, आणि ते योग्यच आहे. परंतु सबंध गावाच्या ओळखीपाळखीचा नकाशा कोणापाशी असतो? तो काढीपर्यंत साथ येऊन जाईल. र्युव्हेन कोहेन, श्लोमो हावलिन आणि डॅनियल बेन-आव्रहम या तिघा संशोधकांनी 2003 साली यावर तोड सुचवली. गावातील काही माणसे सोडतीने निवडा. त्यांना टोचू नका, त्यांना फक्त त्यांच्या एका ओळखीच्या माणसाचे नाव विचारा, आणि लस त्या दुसऱ्या माणसाला द्या. नकाशा न काढताच टोचणारा बहुधा गावातील सुमनपाशी जाऊन पोहोचतो. आणि तिच्या दाराचा रस्ता दाखवण्याचे काम विठू किंवा नसीम जितके करतो, तितकेच उरलेल्या बाकावर बसणारी गोदाही करते.

स्वाध्याय

हडसन येथील चौदा मुली एकाच घरातील असत्या, तर मोरेनो यांचे म्हणणे पटण्यास अधिक सोपे झाले असते की अधिक अवघड? तुमचे कारण चारपाच वाक्यांत लिहा.

सुमन, विठू, नसीम आणि गोदा यांचे जाळे वहीत काढा. गोदा आणि नसीम यांची मैत्री झाली अशी कल्पना करून आणखी एक रेघ काढा, आणि आता किती मुलांना आपण मागे पडलो असे वाटेल, याचा हिशेब करा.

घरातील माणसांची नावे न घेता दाणे, गोट्या किंवा चिंचोके यांवर खुणा करून 26 जणांची सोडत पाच वेळा काढा. प्रत्येक खेपेस किती जण न निवडलेले राहिले ते टिपून ठेवा, पाचही खेपांची सरासरी काढा आणि तिची शेजारच्या विद्यार्थ्याच्या सरासरीशी तुलना करा.